संकटानंतरची उपासना

एखाद्या मंडळीवर दुष्काळ, साथ, महापूर किंवा अंतर्गत कलह यांपैकी एखादे अरिष्ट कोसळून गेले, इमारतीची डागडुजी झाली, दप्तरातल्या नोंदी पुन्हा नीट लागल्या आणि रविवारची घंटा ठरल्या वेळी वाजू लागली, म्हणजे ती मंडळी पूर्वपदावर आली असे आपण समजतो; परंतु पूर्वपदावर येणे आणि नवजीवन लाभणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, आणि एक नसतील तर दुसरी कशाने घडते, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात जितका जुना आहे, तितकाच तो आज भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील लहान लहान मंडळ्यांना निकडीचा आहे. माझी अशी श्रद्धा आहे, की अरिष्टाने पोळलेली मंडळी नवी होते ती एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचल्याने व त्या वाचनातून उमटलेल्या उपासनेने; आणि ते वाचन खरे झाले की नाही याचा निर्णय, त्या मंडळीच्या ताटातला घास उपाशी शेजाऱ्यापर्यंत पोचला की नाही, यावरून होतो.

आमच्या भागात ख्रिस्ती माणूस संख्येने नेहमीच अल्प राहिला आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, या मुलखातले खडक व जीवाश्म अभ्यासले, गोंडादि जमातींविषयी बहुमोल टिपणे केली, आणि 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतत असता नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. ज्या माणसावर सारा भार होता तो एका रात्रीत नाहीसा झाला, तरी काम थांबले नाही. त्याच शतकात ते वैनगंगेच्या काठी भंडाऱ्यापर्यंत येऊन पोचले. पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतावर ओढवले. 1891 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 7 लाख 43 हजार होती, ती 1901 मध्ये 6 लाख 63 हजारांवर आली. सरकारी खानेसुमारीच्या त्या दोन आकड्यांमध्ये किती घरांची राखरांगोळी सामावलेली आहे, हे तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अशा विनाशानंतर प्रथम काय करावे? जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे जे उत्तर आहे, त्यातला क्रम फार विचार करण्याजोगा आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमचा पडका तट अवघ्या 52 दिवसांत उभा केला. बांधकाम पुरे झाले, वेशींना दारे बसली, पहारेकरी नेमले गेले, म्हणजे कारभाराच्या दृष्टीने नगर सावरले. तरीही लोक स्वस्थ राहिले नाहीत. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजत होते ती मुलेसुद्धा पाणीवेशीसमोरच्या चौकात जमली आणि त्यांनी आपण होऊन एज्रा शास्त्र्याला नियमशास्त्राचा ग्रंथ आणावयास सांगितले. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालले. लेवी वंशातील सेवक जमलेल्या लोकांना अर्थ उलगडून सांगत होते. ऐकता ऐकता लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की आज शोक करू नका, घरी जाऊन खा, प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. दुसऱ्या दिवशी घराघरांतील वडीलधारे अधिक शिकण्यासाठी एज्राकडे पुन्हा आले. पापांची कबुली देण्याचा उपवासाचा दिवस उजाडला तो त्याच महिन्याच्या चोविसाव्या तारखेस, म्हणजे आनंदाचा सण साजरा झाल्यानंतर. आधी वाचन, मग अन्नदान, मग अधिक अध्ययन, मग उत्सव, आणि त्यानंतर पश्चात्ताप. दुःखाने खचलेल्या माणसाला आधी त्याचे अपराध मोजून दाखवणाऱ्या उपदेशकांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ही रीत केवळ इस्राएल लोकांची होती असेही नाही. ज्या महाराष्ट्रात आपण राहतो तेथेच तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर पोरक्या झालेल्या महानुभावांनी नागदेवाचार्यांच्या छायेखाली रिद्धपूर येथे एकत्र राहून स्वामींचे एकेक वचन आठवले, म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून लीळा गोळा केल्या, आणि केसोबासांनी त्यांतून सूत्रे निवडली. चक्रधरांच्या आरंभीच्या शिष्यांमध्ये नीळभट्ट भांडारेकारांचे नाव येते आणि परंपरा त्यांचा संबंध आमच्या भंडाऱ्याशी जोडते, म्हणून मला या इतिहासाविषयी विशेष आपुलकी वाटते. सिद्धांत भिन्न, उपास्य भिन्न. परंतु गुरू दिसेनासा झाला असता त्याच्या शब्दांपाशी एकत्र बसणे हाच शोकग्रस्त समुदायाचा आधार ठरतो, ही गोष्ट मराठी मातीला परकी नाही.

मराठी ख्रिस्ती जीवनात या सत्याचे सर्वांत मोठे उदाहरण केडगावच्या मुक्ती सदनाचे आहे. पंडिता रमाबाईंनी किशोरवयातील दुष्काळात आईवडील गमावले होते. म्हणून 1896-97 साली मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या वार्ता कानी आल्या तेव्हा त्या घरी बसू शकल्या नाहीत. त्या या प्रांतात हिंडल्या आणि सुमारे 300 मुली व विधवा यांना बरोबर घेऊन गेल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त सुरू असल्याने या मुलींना केडगावच्या माळरानावर आसरा द्यावा लागला व तेथेच 1898 साली मुक्ती सदन स्थापन झाले. पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातेतील शेकडो निराश्रित स्त्रिया आल्या आणि सदनातील संख्या 2000 च्या घरात गेली. डोळ्यांदेखत सारी माणसे मेलेली, कित्येकींच्या वाट्याला वाटेत नाना प्रकारची विटंबना आलेली, भाषा निरनिराळ्या, जाती निरनिराळ्या: अशा मुलींना अन्न, वस्त्र, विणकाम, शेतकाम आणि अक्षरओळख मिळाली, तरी त्यांची एक मंडळी झाली असे म्हणता येत नव्हते, आणि रमाबाईंना ही उणीव कळत होती.

1905 च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने येणाऱ्यांना बोलावले, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या 550 झाली आणि दिवसातून दोनदा प्रार्थना होऊ लागली. 30 जूनच्या संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या संथ पद्धतीने योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवीत होत्या. ज्या अध्यायाच्या आरंभी दोषारोप करणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यात उभी केलेली एक स्त्री आहे, जिला दगड मारावयास आलेले एकेक करून निघून जातात, आणि ज्यात पुढे सत्य मनुष्याला बंधमुक्त करते असा उपदेश आहे, तोच हा अध्याय. तो शिकवला जात असता खोलीतल्या साऱ्या जणी एकाएकी मोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना शिकवणे थांबवावे लागले. भारतातील ख्रिस्ती जागृतीच्या इतिहासात प्रसिद्ध असलेली ही घटना व्यासपीठावरील आवेशपूर्ण व्याख्यानाने घडली नाही. एका विदुषीच्या शांत शास्त्राभ्यासातून ती घडली, हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

त्या काळी या मोठ्या आवाजातील प्रार्थनांवर टीका झाली, आणि आजही विचारी वाचकाच्या मनात शंका येईल, की दुःखाने दुबळ्या झालेल्या मनांचा हा केवळ क्षोभ नसेल कशावरून? शंका रास्त आहे. भावनेचा पूर येतो आणि ओसरतो, आणि पूर म्हणजे सिंचन नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु केडगावास त्यानंतर काय झाले ते पाहावे. मुली टोळ्याटोळ्यांनी भोवतालच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यास जाऊ लागल्या. आणि रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे प्रचंड कार्य चालवले. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सदनाच्या छापखान्यात खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी करणे ही कामे त्याच दुष्काळातून वाचलेल्या स्त्रिया करीत. ज्या हातांनी कधी काळी रानातला पाला ओरबाडून पोट भरले असेल, त्या हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचे अक्षर न् अक्षर जुळवले. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. आणि 1924 साली ते संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले. एका संध्याकाळच्या अश्रूंचे जेथे एकोणीस वर्षांच्या परिश्रमात रूपांतर होते, तेथे तो केवळ क्षोभ होता असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

वाचनाला उपासनेची जोड मिळाली नाही तर ते कोरडे राहते, आणि उपासना परक्या सुरात झाली तर ती ओठांवरच थांबते. या दुसऱ्या उणिवेची भरपाई रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केली. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तो लोहमार्ग आमच्या भंडारा रोड व तुमसर रोड या स्थानकांवरून जातो, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला; त्यापायी कुटुंबाची ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली. टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, आणि आज ‘उपासना संगीत’ उघडून गाणारी मराठी मंडळी त्यांच्या पदांवाचून आपली उपासना कल्पूच शकत नाही. घरातला विरह, समाजाचा बहिष्कार आणि मनाची ओढाताण सोसलेल्या माणसाने हे शब्द लिहिले, म्हणूनच ते दुःखी माणसाच्या तोंडी सहज बसतात.

आता आपल्या काळाकडे येऊ. 2020 आणि 2021 ही वर्षे भंडाऱ्याला कोणत्या परीक्षेची गेली ते सांगावयास नको. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली, ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने शहरात आणि गावांत पाणी शिरले, आणि 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. प्रार्थनास्थळांची दारे 16 नोव्हेंबर 2020 रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी परत उघडली. दार उघडले तेव्हा बाकांवरच्या काही जागा कायमच्या रिकाम्या झालेल्या होत्या.

त्यानंतर एका घरच्या शास्त्राभ्यासाला मी बसलो होतो. सतरंजीवर दहाबारा माणसे, मध्ये एक पेटी, वाचनाला विलापगीतांचा तिसरा अध्याय. दृष्टी मंदावलेल्या एका आजीबाईंच्या हाती कड झिजलेले पवित्र शास्त्र होते. ते त्यांनी उघडले नाही. नातू एकेक वचन वाचत होता आणि तो अडखळला की पुढचा शब्द आजी सांगत होत्या. अध्याय संपल्यावर पाळकांनी प्रवचन केले नाही; त्यांनी इतकेच विचारले, की यातले कोणते वचन तुम्हांला आपले वाटते? पहिल्याने कोणी बोलेना. मग एकाने आपल्या भावाचे नाव घेतले, एकीने नवऱ्याचे. साथीच्या दिवसांत ज्यांच्या अंत्यविधीला चार माणसेही जमू शकली नव्हती, त्यांची नावे त्या दिवशी मंडळीच्या समक्ष प्रथम उच्चारली गेली. नंतर भजन झाले, आणि उठण्यापूर्वी वस्तीतल्या कोणत्या घरी धान्य पोचवायचे याची यादी झाली. त्या यादीत ख्रिस्ती नसलेली घरेही होती. एज्राच्या काळचा वाचनाकडून अन्नदानाकडे जाणारा क्रम त्या लहानशा खोलीत पाळला गेला होता, आणि तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता.

पण हा क्रम एकदा पाळून भागत नाही; तो नेमाने चालला नाही तर काय होते, याविषयी आमच्या जिल्ह्यातील जुन्या मालगुजारी तलावांचा इतिहास बोलका आहे: मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आपले म्हणून कोणीच गाळ उपसेना, तेव्हा पाळ शाबूत असूनही पाणी आटत गेले. परदेशी मिशनांचा अंमल संपल्यावर आमच्या कित्येक मंडळ्यांचे असेच झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, घटना झाली, समित्या झाल्या, मालमत्तेचे दस्तऐवज नव्या नावावर चढले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु गाळ उपसण्याचे काम कोणत्याही घटनेने होत नाही. ते प्रत्येक पिढीने, आपल्या हाताने, वचनापाशी बसून करावे लागते.

म्हणून भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांतील माझ्या बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे. नव्या इमारतीसाठी वर्गणी अवश्य जमवावी, हिशेब चोख ठेवावेत, कोर्टकज्जे असतील तर ते सामोपचाराने मिटवावेत. पण त्याआधी आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, पाळक असोत वा नसोत, एक अध्याय मोठ्याने वाचावा, ज्याला वाचता येत नाही त्याला प्रथम बोलू द्यावे, गेलेल्यांची नावे घ्यावीत, एक भजन म्हणावे, आणि ज्यांच्या चुलीवर काही चढलेले नाही अशा एका तरी घरी वाटा पाठवल्याखेरीज उठू नये. एवढे वर्षभर नेमाने करील ती मंडळी, संख्येने कितीही लहान असली, तरी खचणार नाही.