आरोपी माकड

सिंधुदुर्गात माकडांविषयी बरे बोलणारा बागायतदार आता शोधावा लागतो. कोवळे नारळ, केळीचे घड, परसातली भाजी, घरावरची कौले, काहीच सुटत नाही. त्यात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला माकडताप आला, माणसे दगावली, आणि रागात भीती मिसळली. नुकसानभरपाईचे भांडण रास्त आहे, ते जरूर भांडावे. मात्र या तापाचा गुन्हा माकडावर नोंदवण्याआधी साक्षीपुरावे नीट पाहायला हवेत.

ते पुरावे १९५७ पासूनचे आहेत. शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे, शास्त्रज्ञ तिथे धावले, कारण पहिला संशय पीतज्वराचा होता. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात माकडे मरू लागली की पीतज्वर आला असे समजतात. भारतात हा रोग कधीच नव्हता, पण तो पसरवू शकणारे डास भरपूर होते. प्रत्यक्षात विषाणू निघाला भलताच: रशियाच्या जंगलांत गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला.

सैबेरियातले बिऱ्हाड कर्नाटकात कसे आले? संशयाची सुई स्थलांतरित पक्ष्यांकडे वळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला आणि अंगावरचे गोचीड वेचायला सुरुवात केली. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही. हा विषाणू इथलाच, स्वतंत्र ठरला. आपल्या पक्षिशास्त्राला मात्र स्थलांतराची अमोल माहिती मिळाली. रोगाच्या तपासाचा इतका सुंदर उपउत्पाद दुसरा मला तरी आठवत नाही.

खरा वाहक जंगलाच्या जमिनीवर होता. ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचिडाची जात आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी नवे जनावर धरते. अंड्यातून निघालेले पिल्लू उंदीर-घुशींवर, पक्ष्यांवर, कधी माकडावर पोसते. रक्त पिऊन ते गळून पडते, कात टाकते आणि खसखशीच्या दाण्याएवढे होऊन पुन्हा पातेऱ्यात दबा धरून बसते. माणसाला चावते ते मुख्यतः या मधल्या वयात, पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला मोठे जनावर लागते. ते जनावर बहुधा आपल्या गोठ्यातले असते.

या साखळीत माकडाची जागा विचित्र आहे. विषाणू त्याच्या रक्तात झपाट्याने वाढतो आणि त्याला चावणारी असंख्य पिल्ले बाधित होऊन खाली पडतात. माकड मेले, शरीर थंड पडले की अंगावरची उरलेली गोचिडेही उतरतात. त्या झाडाखालची जमीन पुढे कित्येक दिवस धोक्याची राहते. त्याच जमिनीवर कोणी काजू वेचायला वाकते, कोणी भाजावळीसाठी पातेरा गोळा करते, कोणी गुरे हाकते. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, विषाणूचा प्रवास आपल्यापाशी संपतो. शंभरात तीन ते पाच रुग्णांचा प्रवासही तिथेच संपतो.

माकडे, गोचिडे आणि विषाणू जंगलात पूर्वीपासून असणार. मग साथ १९५७ लाच का? जॉर्ज बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये याचे जे उत्तर मांडले ते आजही मला सर्वांत पटणारे वाटते. लोकसंख्या वाढली, जंगल तोडून भातशेती वाढली, रानाच्या कडेला झुडपे माजली आणि तिथे गुरे चरू लागली. गुरांनी मोठ्या गोचिडांना मुबलक रक्त पुरवले, आणि गोचिडे बेसुमार वाढली. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडीच्या साथीआधी काजूसाठी जंगल तोडले गेले होते. तिथे हजाराहून अधिक माणसे आजारी पडली. पुढे बंदीपूर, वायनाड, २०१५ मध्ये गोव्याची सत्तरी आणि मग आपले दोडामार्ग. सत्तरी आणि दोडामार्ग या दोन्ही ठिकाणी जंगलाला काजूबागा खेटून आहेत. गरिबाने काजू लावू नये असे मी म्हणणार नाही. त्याच्या चुलीवर काय शिजते याची चिंता माझ्यापेक्षा त्याला अधिक आहे. पण लागवडीला अनुदान देताना तिथल्या मजुराच्या पायांतल्या बुटांचा विचार कोणत्या फायलीत होतो?

माकडालाच शिक्षा करण्याचा प्रयोग ब्राझीलमध्ये होऊन गेला. २०१६च्या अखेरीस तिथे पीतज्वर उसळला तेव्हा लोकांनी माकडांना झोडपून, विष घालून मारले. रोग पसरवत होते डास, आणि माकडांचे मरण ही आरोग्य खात्याला मिळणारी पहिली सूचना होती. माकडे मारली की ती सूचनाच बंद पडते. शिवाय पीतज्वर मुळात अमेरिकेत नेला माणसानेच, आफ्रिकेतून गुलाम भरून निघालेल्या जहाजांतून. तिथल्या माकडांना तो आपल्यामुळे मिळाला. फिर्यादीची बाजू कोणाची, हे त्यामुळे फिरते.

आपल्याकडेही मेलेले माकड हीच सर्वांत लवकर मिळणारी खबर आहे. या तापावर नेमके औषध नाही. वर्षानुवर्षे दिली गेलेली जुनी लस पुन्हा पुन्हा घ्यावी लागे आणि तरी संरक्षण अपुरे मिळे. ती आता बंद झाली आहे. अंगाला लावायचे गोचीड-प्रतिबंधक तेल, अंगभर कपडे, बागेतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि वेळेवर मिळालेली खबर, एवढीच आज हातातली साधने.

पावसाळा सरला की रानात गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम सुरू होतो. बागेत माकड मेलेले दिसले तर त्याला हात लावू नका, ओढत नेऊन पुरू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि औषध फवारणी होईपर्यंत त्या झाडाखाली कोणालाही वेचणीला पाठवू नका.