गुन्हेगार नसलेलं दुःख

एप्रिल 2023 मध्ये अकोल्याहून नागपूरकडे एक पदयात्रा निघाली. सोबत पाण्याचा टँकर होता आणि त्यात गावाकडचं खारं पाणी होतं. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख आणि त्यांच्यासोबतचे लोक ते पाणी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नागपुरातल्या घरापर्यंत नेणार होते. मागणी एवढीच, की 69 गावांच्या पाणीपुरवठा योजनेवरची स्थगिती उठवा. नागपूरच्या वेशीपाशी पोलिसांनी यात्रा अडवली. मग काही दिवस कोण कोणाला काय म्हणालं, कोणाला ताब्यात घेतलं, कोणता पक्ष कोणाच्या बाजूने, यावर भरपूर बातम्या झाल्या. टँकरमधलं पाणी मुळात खारं का आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही.

तो पडायला हवा होता, कारण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. ज्या दुःखाला कोणी गुन्हेगारच नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

आधी हे पाणी कुठलं ते पाहू. उत्तरेला सातपुड्यातले गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट भागातून वाहणारी पूर्णा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. सुमारे 900 गावं आणि साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन त्यात येते. इथे विहीर खणली, बोअर मारली, तर पाणी लागतं, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. दिलंच तर जमीन आणखी बिघडते. पायाखाली पाणी असून तहानलेलं राहायचं, अशी ही जागा आहे.

माती दिसायला काळीभोर, कपाशीची. पण तिच्या बारीक कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाऊस पडला की हे कण फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रं बुजवून टाकतात. मग पाणी वर साचतं आणि खाली मुरत नाही. वर चिखल, आत कोरड. उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पश्चिम महाराष्ट्रात अशा जमिनीला चोपण म्हणतात.

आता आरोपी शोधू. शेतकऱ्याने जास्त पाणी दिलं का? इथे द्यायला पाणीच नव्हतं. कारखान्याने काही सोडलं का? हा खारेपणा कारखान्यांच्या कितीतरी आधीचा आहे. सरकारने कालवा चुकीचा काढला का? मीठ कालव्याच्या आधीपासून आहे. हे खोरं जमिनीच्या प्रस्तरभंगांमुळे खचलं आणि डोंगरांतून आलेल्या गाळाने हजारो वर्षं भरत राहिलं. कधीकाळी इथे कोंडलेल्या पाण्याचं सरोवर असावं, असाही एक तर्क भूवैज्ञानिकांनी मांडला आहे. बेसाल्ट खडक झिजून सोडियम सुटत गेला. हवामान हळूहळू कोरडं झालं, तसं मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने गोठत गेलं आणि कणांवर सोडियमचा वाटा वाढला. तो धुऊन नेण्याइतका पाऊस नाही, आणि निचरा व्हायला जमीन वाट देत नाही. यात कोणाचा हात नाही.

हे आपल्याला कळलं त्यात नागपूरचा मोठा वाटा आहे. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था 1976 पासूनची. तिचं मुख्यालय नागपुरात अमरावती रोडवर आहे. मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा 15 टक्क्यांच्या पुढे गेला की ती चोपण समजायची, हे माप 1954 च्या एका अमेरिकी हस्तपुस्तिकेतून जगभर गेलं. त्या मापाने पूर्णेकाठची बरीच जमीन धडधाकट ठरत होती. शेतकरी म्हणत होता, पाणी मुरत नाही. कागद म्हणत होता, माती ठीक आहे. नागपूरच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं, की या मातीत पाण्याची वाट 5 टक्क्यांपासूनच अडायला लागते. बदललं ते माप. शेतकऱ्याचा अनुभव आधीपासून तोच होता.

आता याच्या शेजारी दुसरी खारी जमीन ठेवा. नीरा, प्रवरा आणि कृष्णेच्या खोऱ्यांत उसाला पाट सोडून सोडून हजारो एकर क्षारपड झाली. तिथे कारण माणसाचं आहे. पाणी कोणी दिलं, निचऱ्याचे चर कोणी काढले नाहीत, नफा कोणाला झाला, हे विचारता येतं. त्यावर लेख लिहिता येतो, भांडता येतं. पूर्णेकाठी रागाने बोट दाखवायला समोर कोणीच नाही, आणि आपली न्यायबुद्धी तर बोट दाखवूनच सुरू होते. मोबाईलवर रोज आपल्याला जे अन्याय दिसतात, त्यांना एक चेहरा असतो. ज्याला चेहरा नाही ते दुःख पुढे सरकवलं जातं.

अशा दुःखापुढे माणसं सहसा दोन उत्तरं देतात. पहिलं म्हणजे नशीब. जमीनच तशी, कोण काय करणार? दुसरं उत्तर म्हणजे काहीही करून गुन्हेगार शोधणं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू चांगला होता. तरी रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या घटनेची कारणं निसर्गातच असतात, आणि हाच तर्क उद्या विरोधकही आपल्या सोयीने वापरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. टागोर बरोबर होते. पण त्यांच्या बरोबर असण्याने बिहारमधल्या बेघरांचा प्रश्न सुटत नव्हता. भूकंप कोणी केला नाही हे मान्य केलं, तरी घर कोण बांधून देणार हे उरतंच.

ही दोन्ही उत्तरं वरवर उलटी दिसतात, पण त्यांचं गृहीतक एकच आहे. ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं. कोणी केलंच नसेल, तर कोणी निस्तरायचंही नाही. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं.

राजकीय विचारवंत ज्युडिथ श्क्लार यांनी 1990 च्या एका पुस्तकात याच रेषेवर बोट ठेवलं. दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो? त्यांच्या मते घटना कशामुळे घडली, एवढ्यावर ही रेषा ठरत नाही. मदत करता येण्यासारखी असूनही आपण हात बांधून बसलो का, यावरही ती ठरते. पूर्णेकाठी हे स्पष्ट दिसतं. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या बाईने खारं पाणी भरलं ते दुर्दैव होतं. आज कारण कळलं आहे, माप कळलं आहे, जलवाहिनी टाकता येते, रानात जिप्सम टाकून सोडियम हटवता येतो, धैंचा गाडता येतो, शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी साठवता येतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं देशाचं मानक सांगतं. मूत्रपिंडाच्या आजारांच्या बातम्या या गावांमधून वर्षानुवर्षं येत आहेत. त्यातला किती भाग पाण्याचा, यावर वैज्ञानिकांनी खुशाल वाद घालावा. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या घरी जार येतो आणि नाहीत तो हापशावर जातो, हे काही भूगर्भशास्त्र नाही. मीठ निसर्गाने दिलं असेल. ते कोणाच्या पोटात जायचं, हे आपण ठरवतो आहोत.

इथे एक रास्त आक्षेप येईल. चूक नसतानाही जबाबदारी असते असं म्हटलं, तर सगळे सगळ्यांचे देणेकरी होतील. मग शेवट कुठे?

या आक्षेपाची खरी परीक्षा वान धरणावर होते. सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीचं पाणी गोडं आहे. त्यावर खारपाणपट्ट्यातल्या अनेक गावांच्या योजना चालतात. ते 69 गावांनाही द्यायचं ठरलं, तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी विरोधात उभे राहिले. धरण सिंचनासाठी बांधलं, त्यावर आमचं रान उभं आहे, पाणी पळवलं तर आम्ही काय करायचं? हे शेतकरी खलनायक नाहीत. बाळापूरकडचं पाणी त्यांनी खारं केलेलं नाही. दोन्ही बाजूंना निर्दोष माणसं आहेत आणि पाणी एकच आहे.

मला वाटतं, उत्तराची दिशा अशी आहे. पिण्याचं पाणी आधी, हे तत्त्व आपण धोरणात लिहून ठेवलंच आहे आणि ते योग्य आहे. पण ते पाळण्याची पूर्ण किंमत सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याने का मोजावी? जबाबदारी चुकीतून येत नसेल, क्षमतेतून आणि एकत्र राहण्यातून येत असेल, तर ती क्षमतेप्रमाणे वाटली पाहिजे. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याचं सिंचन घटलं तर ती भरपाई राज्याची, म्हणजे माझी-तुमचीही. नागपूरकरांना हे पटायला हरकत नाही. आपल्या नळाला पेंचचं पाणी येतं. शहर वाढलं तसा त्यातला शहराचा वाटा वाढत गेला आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याचा कमी झाला. आपण ते पाणी चोरलेलं नाही. तरी आपण त्या शेतकऱ्याचे कोणीच लागत नाही, असं म्हणता येईल का?

या पट्ट्याने मिठाचा एक वेगळा दिवसही पाहिला आहे. 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडाला समुद्र कुठला? मग लोक अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला गेले. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून त्यांनी मीठ केलं आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला आज नावं ठेवतात, त्याने तेव्हा स्वातंत्र्याच्या लढ्यात भाग घेतला. त्या विहिरींपर्यंत माणसं चालत गेली, कारण समोर शत्रू होता, इंग्रजांचा कायदा होता. तो कायदा गेला, इंग्रज गेले, विहीर खारीच राहिली. तिच्याकडे चालत जाण्याचं कारण मात्र आपल्याला सापडेनासं झालं.

शत्रू नसताना काम कसं करायचं, याचा एक जुना दाखला याच नदीवर आहे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीवर उतरताना यात्रेकरूंना चिखल तुडवावा लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडगेबाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. हा चिखल कोणी केला, हे विचारत ते बसले नाहीत. लोक घसरत होते आणि बाबांना दगड रचता येत होते.