दात्याचा अधिकार कोठवर?

विट्यात एखाद्या मुलीचा गळा चांगला निघाला, तर घरच्यांच्या आनंदात काळजीही मिसळते. पुढच्या शिक्षणासाठी सांगली-मिरज गाठावी लागते. गुरुदक्षिणा, तंबोरा, एस.टी.चे भाडे, परीक्षेची फी. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र दहा ते चौदा वर्षांच्या निवडक मुलांना शिष्यवृत्ती देते. तेथे अर्ज अवश्य करावा. पण निवड थोड्यांचीच. उरलेल्यांना एखाद्या दात्याचे दार ठोठवावे लागते, आणि प्रश्न उभा राहतो: पैसा देणाऱ्याचा त्या लेकरावर अधिकार किती?

मिरजेने हा प्रश्न पूर्वी अनुभवला आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे बालपणी फटाक्याने अधू झाले. मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. पुढे एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, गुरूंना नाही. म्हणून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, असे सांगतात. यास कोणी कृतघ्नपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. अन्नाचे ऋण त्यांनी नाकारले नाही. त्यापोटी गुरूचा अवमान गिळणे तेवढे नाकारले.

दात्याने शिक्षणाची प्रगती जरूर विचारावी. मात्र आपल्या वाढदिवसाला मुलीने गायलेच पाहिजे, हा हट्ट (तो आपल्याकडे सर्रास चालतो) दानाला मजुरीची उचल बनवितो.

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९०७ साली मिरजेचे बालक विनायक पटवर्धन तेथे शिकावयास गेले, ते मिरजेच्याच संस्थानिकांच्या शिष्यवृत्तीवर. आश्रय सोडून गेलेल्या गवयाच्या शाळेला तीच मिरज आता विद्यार्थी पुरवीत होती.