गाज

बसा. कुठंही. पाठ टेकलीत तरी चालेल.

डोळे मिटा. एक श्वास आत घ्या. सावकाश बाहेर सोडा.

आता समुद्र ऐका. एखादी लाट नव्हे. सगळ्या लाटा मिळून जो एक आवाज होतो, तो. किनाऱ्यावरची माणसं त्याला गाज म्हणतात. नव्या पाहुण्याला पहिल्या रात्री तिच्यामुळे झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री ती त्याला ऐकूच येत नाही.

ती थांबलेली नसते.

जरा थांबा इथे.

ही गाज वेक बेटाची आहे. पॅसिफिक महासागर, हवाईपासून सुमारे ३,७०० किलोमीटर पश्चिमेला. वेक, विल्क्स आणि पील, अशी पोवळ्यांची तीन सपाट बेटं. मधे उथळ, निळंहिरवं पाणी. भोवती प्रवाळाचा कठडा, आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. बेटावरची सर्वांत उंच जागाही पाण्यापासून जेमतेम ६ मीटर.

झुडपांत एक पक्षी फिरतोय, पाहा. पाणकोंबडीच्या कुळातला. राखट तपकिरी, पोटावर बारीक पांढरे पट्टे. तो तुरुतुरु पळतो, उडत मात्र नाही. या बेटावाचून जगात कुठंच नाही तो. (दुसरं महायुद्ध संपेतो इथेही उरणार नाही, बेटावर अडकलेल्या उपाशी जपानी शिबंदीच्या तोंडी लागेल.)

आत्ता तो आहे. त्याच्याकडे पाहा.

एक श्वास.

आता पाण्याच्या टाकीवर चढा. ५० फूट उंच आहे ती. टेहळणीला याहून बरी जागा बेटावर नाही. रडारही नाही. आहेत ते डोळे आणि कान.

८ डिसेंबर १९४१. दुपारचे बारा वाजत आलेत. दक्षिणेकडून पावसाची एक सर येते आहे, करडी, खाली झुकलेली.

ऐका.

गाज. फक्त गाज.

त्या सरीतून ३० हून जास्त जपानी बाँबफेकी विमानं बाहेर पडतात, तेव्हा ती डोक्यावर आलेली असतात. इंजिनांचा आवाज गाजेत बुडालेला असतो.

चारच दिवसांपूर्वी इथे १२ वाइल्डकॅट लढाऊ विमानं उतरली आहेत, अमेरिकी मरीन वैमानिकांच्या २११ व्या स्क्वाड्रनची. त्यातली चार आत्ता वर गस्तीवर आहेत, ढगांच्या पलीकडे; त्यांना काही दिसत नाही. आठ खाली उभी आहेत. सात जळतात. स्क्वाड्रनची २३ माणसं जातात.

यावर काही बोलू नका. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

रात्र.

जमिनीत खणलेला एक आडोसा. तोंडाशी ताडपत्री, उजेड बाहेर फुटू नये म्हणून. आत लेफ्टनंट किनी आणि सार्जंट हॅमिल्टन. जळक्या विमानाचा पंखा ते चालत्या विमानाला बसवतात. एकाचं सिलिंडर दुसऱ्याला, दुसऱ्याचं इंजिन तिसऱ्याला. कोणतं विमान मूळचं कोणतं, ते आता सांगता येत नाही.

त्यांच्या हातांकडे पाहा. नखांत काळं तेल. एक नट वाळूत पडतो. बोटं चाचपडतात, शोधतात. सापडतो. फुंकर मारून वाळू उडवायची, पुन्हा आटा धरायचा.

बाहेर गाज.

तुमचा श्वास कुठवर आला? त्याच्याकडे या.

वरच्या हवेत, बाँबफेकी विमानांच्या उंचीवर, असा श्वास घेता येत नाही. वैमानिकाबरोबर प्राणवायूची बाटली लागते, आणि बेटावर त्या संपत आल्या आहेत. कॅप्टन फ्रॉयलर वेल्डिंगच्या मोठ्या सिलिंडरांमधून छोट्या बाटल्या भरून घेतो. जोखमीचं काम. बारीकसा फुस्स आवाज. पुन्हा एक बाटली.

म्हणजे वर कोणी जो श्वास घेतो, तो खाली हातानं भरलेला आहे.

त्या श्वासाबरोबर तुमचाही एक घ्या. भरून.

सोडा.

११ डिसेंबरला बेटावर उतरू पाहणारं जपानी आरमार बेटावरचे मरीन परतवतात. दोन विनाशिका बुडतात, एक किनाऱ्यावरच्या तोफांनी, दुसरी वाइल्डकॅटच्या बाँबनं. मग रोज थोडं थोडं कमी होत जातं.

२२ डिसेंबर. उडण्याजोगी विमानं उरली आहेत दोन. फ्रॉयलर एकात, लेफ्टनंट डेव्हिडसन दुसऱ्यात.

उद्या पहाटे जपानी सैनिक उतरतील. स्क्वाड्रनचा प्रमुख मेजर पुटनम आणि विमानं नसलेली त्याची माणसं बंदुका घेऊन वाळूत लढतील, आणि दिवस वर येईपर्यंत बेट जाईल. तिकडे अजून जाऊ नका.

आज दुपारी धावपट्टीच्या कडेला उभे राहा.

एक विमान येतं. चाकं न उघडता, पोटावर घासत. पोवळ्याची पांढरी धूळ उठते. फ्रॉयलर जखमी आहे, पण जिवंत आहे. त्याला बाहेर काढतात.

धूळ बसते.

आता सगळ्यांच्या माना वर. कोणी बोलत नाही. कुणाच्या हातात पाना तसाच राहिलाय.

ऐका. गाजेच्या मागे ऐका. दुसरं इंजिन.

श्वास धरू नका. येऊ द्या, जाऊ द्या.

ऐका.