रिकाम्या खुर्चीचा धनी

खरसुंडीच्या जत्रेत बैल बांधला म्हणून तो विकलाच पाहिजे असं नसतं. गिऱ्हाईक दात बघतं, खांदा चाचपतं, रुमालाखाली बोटं दाबून भाव करतं. पण इसार हातावर पडेपर्यंत मालक दावं सोडून खुशाल बैल घरी नेतो. कुणी त्याला जाब विचारत नाही.

सरकारी नोकरीचा कायदाही जवळपास असाच आहे. हरियाणात न्यायाधीशांच्या १५ जागा होत्या, सरकारने ७ भरल्या आणि बाकीच्यांना आम्हाला हवे तितके गुण नाहीत म्हणून थांबलं. १९७३ साली सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. पुढं १९९१ साली शंकरसन दाश यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी स्पष्टच सांगितलं की जाहिरात म्हणजे नुसतं अर्ज करायचं आवतण. यादीत नाव आलं आणि जागा रिकामी असली, तरी नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क उमेदवाराला नाही.

माझा चुलतभाऊ तलाठी भरतीच्या प्रतीक्षा यादीत तिसरा होता. चार वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहिला, दिवसभर अभ्यासिकेत बसला. चुलती एस्टीनं भाकरी-ठेचा धाडायची. निवडलेल्यांपैकी तिघं दुसरी नोकरी लागली म्हणून हजरच झाले नाहीत. तरी याला बोलावणं आलं नाही. वर्ष सरलं, यादीची मुदत संपली. नाना, म्हणजे माझे चुलते, एवढंच म्हणाले, "यादीत नाव छापलं म्हंजे इसार झाला न्हवं का रं?"

कायद्यानं बघितलं तर नाही झाला. आणि तसा तो होऊही नये, असं मला वाटतं. उद्या तिजोरीत खडखडाट असेल, एखादं काम उरलंच नसेल, तरी यादी निघाली म्हणून माणसं भरायची का? शिवाय रिकामी राहिलेली जागा पुढच्या भरतीत जाते. आज बारावीत शिकणाऱ्या एखाद्या पोरीचाही तिच्यावर डोळा असतो. ती काही यादीत नाही, म्हणून तिचं कुणी बोलत नाही.

पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, ती कचेऱ्यांतून कुणी वाचून दाखवत नाही. जागा न भरण्याला रास्त कारण पाहिजे, मन मानेल तसं वागता येणार नाही, आणि जेवढ्या भराल तेवढ्या गुणक्रमानंच भरा. म्हणजे नोकरीवर नसला तरी कारणावर पोराचा हक्क आहेच. चुलतभावानं दोन अर्ज दिले, त्याला कारण कुणी सांगितलं नाही. बैलवाला निदान तोंडावर म्हणतो, "न्हाय इकायचा." आणि तो नुसतं बघणाऱ्याकडून पैसे घेत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाची फी हजार रुपये होती.

आणखी एक गोष्ट. बैल मालकाचा असतो. तलाठ्याची खुर्ची साहेबाच्या बापजाद्याची नाही. ती रिकामी राहिली की आमच्या तलाठ्याकडे दोन सजांचा जादा पदभार येतो, आणि तो गावात मंगळवारीच दिसतो, तेही दिसला तर. फेरफार अडतो, वारसनोंद अडते. शेजारच्या म्हातारीचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं, सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे. त्यामुळं तिला पीककर्ज नाही. ती कुठल्या यादीत नाही, तिनं फी भरलेली नाही. कोर्टात जायला तिच्याकडे एसटीचं भाडं नाही. तरी मला विचाराल तर त्या खुर्चीवर माझ्या चुलतभावाच्या आधी तिचा हक्क लागतो.

नानांना हे पटत नाही. "तिचा हक तिला मिळंल तवा मिळंल," ते म्हणतात, "पोराचं वय गेलं त्याचं काय?" चुलतभाऊ आता बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देतो. गेल्या मंगळवारी म्हातारीचा वारसनोंदीचा अर्ज त्यानंच पुन्हा भरला, पैसे न घेता.