उदक सोडताना

दान देताना तळहातावर पळीभर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या पाण्याबरोबर दिलेल्या वस्तूवरचा हक्कही सुटतो. म्हणूनच एखादी आशा कायमची सोडली की तिच्यावर उदक सोडले असे आपण म्हणतो. मालकी सोडण्याची साक्ष द्यायला पाणीच का निवडले असावे? मला वाटते, जे स्वतः कुणाच्याच मुठीत राहत नाही, तेच अशी साक्ष देऊ शकते. हा अर्थ मान्य केला, तर वाढत्या शहराने पाणी कुणाकडून, किती आणि कोणत्या अटीवर घ्यावे हा प्रश्न एकट्या अभियंत्यांचा उरत नाही. तो धर्माचा होतो. आणि धर्म म्हणजे इथे कर्मकांड नव्हे, तर माणसांना एकमेकांशी बांधून ठेवणारे कर्तव्य.

ठाणे शहरातल्या कोलशेतला हा प्रश्न उघड्या डोळ्यांनी दिसतो. उल्हास नदीची खाडी गावाला लागून आहे, पण तिचे पाणी खारे. जुन्या आगरी-कोळी वस्तीभोवती आणि एके काळी कारखाने असलेल्या जमिनींवर आता टॉवर उभे आहेत. त्यांच्या खिडकीतून दिसणारे पाणी पिता येत नाही, आणि पिण्याचे पाणी जिथून येते ती जागा खिडकीतून दिसत नाही. ठाण्याचे पाणी येते ते भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून आणि उल्हास-बारवीच्या खोऱ्यातून. जनगणनेनुसार १९९१ साली ठाणे शहरात ८ लाख माणसे होती, २०११ साली ती १८ लाख ४१ हजार झाली. इतक्या वेगाने तहान वाढली, तरी तिचा भार कोणावर पडतो हे नळ उघडणाऱ्याला कळत नाही.

तो भार पडतो शहापूर आणि मुरबाडवर. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तळ गाठलेल्या विहिरीत झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरावे लागते. नियोजनाच्या कागदावरही ही दरी आहे: मलनिस्सारण असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर, तर जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. महानगराच्या तहानेसाठी मुरबाडमध्ये काळू धरणाचे काम वनखात्याच्या परवानगीविना सुरू झाले, तेव्हा आदिवासींनी विरोध केला आणि २०१२ साली उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो, त्यांनाच आपण शेवटी विचारतो.

यावर पहिला आक्षेप येतो: आम्ही पाणीपट्टी भरतो, मग ऋण कसले? पाणीपट्टी पंपाची, जलवाहिनीची आणि शुद्धीकरणाची किंमत असते, पाण्याची नव्हे. आपल्या परंपरेने देव, ऋषी आणि पितरांचे ऋण सांगितले, ते पैशाने फिटणारे नव्हते, वागण्याने फेडायचे होते. रामेश्वराला निघालेली गंगेची कावड एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, अशी कथा महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. तहानेचा हक्क देवाच्या अभिषेकाच्याही आधी येतो, हे ज्याला पटले त्याला पोहण्याच्या तलावाआधी पाड्यावरची विहीर आठवायलाच हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरात गरीबही राहतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ साली आलेल्या २७ गावांनीही टंचाई सोसली आहे. त्यांना घरे आणि पाणी नाकारायचे का? मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या कृतीने शिकवले की पाणी पिण्याचा हक्क माणूसपणातून येतो. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर राहिला म्हणून सत्याग्रह करावा लागला. म्हणून माझे म्हणणे माणसे थांबवण्याचे नाही, क्रम बदलण्याचे आहे. आधी पाण्याची तजवीज, मग इमारतीला परवानगी. २०१७ साली घोडबंदर पट्ट्यातल्या टंचाईवरून उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना लगाम घातला होता. न्यायालयापर्यंत जाण्याआधीच हा संयम नियोजनात असायला हवा.

तिसरा आक्षेप असा, की घरोघरच्या बचतीने काय होणार? हिशेब मांडून पाहू. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटर गच्चीवरून पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २० लाख लिटर पाणी मिळते. माणशी १३५ लिटरने चौघांच्या दोनशे कुटुंबांना ते जेमतेम अठरा दिवस पुरेल. पाऊस साठवावाच, पण खरी शिल्लक दुसरीकडे आहे. वापरलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होतो, हे नियोजनातले रूढ गणित. म्हणजे याच इमारतीतून रोज ८६ हजार लिटर आणि वर्षाला तीन कोटी लिटरहून अधिक पाणी बाहेर पडते. ते शुद्ध करून शौचालय, बाग आणि बांधकामासाठी वापरले, तर धरणावरचा भार खरोखर हलका होईल. हे काम पालिकेने करायचे आणि रहिवाशांनी स्वीकारायचे आहे. दोघांपैकी एकाने हात आखडला तर ते होणार नाही.

आणि यात परके काही नाही. पूजा आटोपली की ताम्हनातले पाणी मोरीत ओतत नाहीत, तुळशीला घालतात. एकदा वापरले म्हणून पाण्याचे मोल संपत नाही, ही जाण पळीभर पाण्यापुरती आपण जपली आहे. तीच शहराच्या मापाने जपली, तर भातसाच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगता येईल की तुझ्याकडून घेतलेल्या थेंबाला आम्ही मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून वागवले.