देखणे आणि सुंदर

बोलण्याच्या ओघात आपण देखणे आणि सुंदर हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. बैल देखणा, वाडा देखणा, मुलगीही देखणी. परंतु आमच्या मते या दोहोंत मोठे अंतर आहे. देखणे असते ते नजरेत भरते, आणि भरले की ते आपल्या घरी असावे असे वाटू लागते. सुंदराचे तसे नाही. तिथे आपणच त्याचे होऊन जातो.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचे चरित्र आठवा. १५ व्या शतकातील ही संत रूपाने असामान्य. परंपरा सांगते, की तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला आणायला शिपाई धाडले. त्याला ती देखणी म्हणून हवी होती. तिने मात्र पंढरीत कमरेवर हात ठेवून उभा असलेला काळा देव पाहिला, आणि त्याच्याच पायांशी देह ठेवला. राउळातले तरटीचे झाड तिची खूण म्हणून भाविक दाखवतात. एक घेऊन जाऊ पाहणारा, दुसरी स्वतःला देऊन टाकणारी.

आता हे आपल्या घरापर्यंत आणू. सावळ्या विठोबासाठी तासन् तास रांगेत उभे राहणारे आपण, सून पाहायला गेलो की "रंग जरा दबलाच हो" म्हणून उठतो. म्हणजे लेकीबाळी ही घरात मांडायची वस्तूच ना? मग बादशहात नि आपल्यात फरक तो काय राहिला? गळ्यात तुळशीची माळ, पण नजर अजून बाजारातली. ती आधी चंद्रभागेत धुवावी, मगच कुणाच्या दारी पाहुणे म्हणून जावे.

रामकृष्णहरी.